विषाणू मेला खरा, पण पेशी जगली का?

पावसाळा लागला की पंचगंगेच्या पाण्याबरोबर तापाचे रुग्णही वाढतात. पाठोपाठ मोबाइलवर ठरावीक मजकूर फिरायला लागतो: अमुक झाडाच्या पानांचा अर्क डेंग्यूचा विषाणू ९८ टक्के मारतो, तमुक मुळी कावीळ मुळापासून घालवते, "प्रयोगशाळेत सिद्ध". गंमत अशी की यातली बरीच वाक्यं खोटी नसतात. प्रयोग झालेला असतो, आकडाही खरा असतो. फक्त त्या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा छापायला हवा होता, तो गाळलेला असतो.

२०२० मधलं उदाहरण घ्या. महामार्गांच्या दुभाजकांत आणि देवळांच्या आवारात दिसणारी कण्हेर तेव्हा अमेरिकेत चर्चेत आली. तिच्यातलं ओलिअँड्रिन हे रसायन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये करोनाचा विषाणू रोखतं, असं दिसलं होतं. प्रयोग खोटा नव्हता. पण कण्हेरीचं पान खाऊन जनावर दगावतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ओलिअँड्रिन पूरक आहार म्हणून विकायचा प्रस्ताव तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने स्वीकारला नाही. एकच रसायन विषाणूही थांबवतं आणि हृदयही थांबवतं. या दोन्हींचा मेळ कसा लावायचा, हेच इथे पाहायचं आहे.

अर्क म्हणजे नेमकं काय

एका पानात शेकडो रसायनं असतात. काही पाण्यात उतरतात, काही मद्यार्कात, काहींना आणखी तेलकट द्रावक लागतो. अर्क काढायचा म्हणजे द्रावक निवडून त्यांतला एक गट बाहेर ओढायचा. त्यामुळे नुसतं "गुळवेलीचा अर्क" म्हटलं तर माहिती अर्धवट राहते. पान, खोड की मूळ? पाण्यात की मिथेनॉलमध्ये? उन्हाळ्यात तोडलेलं की श्रावणात?

प्रयोगशाळेतली नेहमीची रीत अशी. पानं धुऊन सावलीत वाळवतात, हातात चुरली जाईपर्यंत. उन्हात वाळवली तर काही रसायनं उडतात किंवा बदलतात. पूड करून चाळतात. १०० ग्रॅम पूड एक लिटर मिथेनॉलमध्ये ७२ तास, अधूनमधून हलवत, भिजत ठेवतात. मग गाळून ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, कमी दाबाखाली मिथेनॉल उडवून लावतात. खाली गडद हिरवा, चिकट गोळा उरतो. तो पुडीच्या साधारण दहा टक्के भरतो, झाडागणिक कमी-जास्त. हा गोळा म्हणजे अर्क, आणि बातमीतले सगळे मायक्रोग्रॅम याचे असतात, पानाचे नव्हेत.

घरचा काढा ही निराळी वस्तू आहे. शास्त्रोक्त काढ्यात एका भागाला सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवतात. त्यात पाण्यात विरघळणारं आणि उकळी सोसणारं तेवढंच उतरतं. मिथेनॉलच्या अर्कात सापडलेला गुण काढ्यात असेलच असं नाही. काढा निर्धोक ठरला म्हणून तो अर्क निर्धोक, असंही नाही. चीनच्या तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं, त्यामागे हीच गोष्ट होती. हिवतापावर गुणकारी मानलेल्या वनस्पतीचा उकळून काढलेला अर्क चालेना. त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं.

चाचणी होते कशी

विषाणू स्वतःहून वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून आधी पेशी वाढवाव्या लागतात. व्हेरो नावाच्या पेशी यासाठी सर्रास वापरतात. १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातून त्या काढल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढवल्या जातात. फ्लूसाठी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी चालतात.

९६ खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते, तळहाताएवढी. प्रत्येक खळग्यात साधारण दहा हजार पेशी टाकून ३७ अंशाला रात्रभर ठेवतात. त्या तळाला चिकटतात. मग अर्क घालायचा. चिकट गोळा पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असं मूळ द्रावण करतात. ते दोनशे पट पातळ केलं की एका मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम मिळतात. पुढे दर वेळी निम्मं: २५०, १२५, ६२.५, असं खाली खाली.

इथे पहिली मेख आहे. दोनशे पट पातळ केल्यावरही त्यात अर्धा टक्का डीएमएसओ असतोच, आणि प्रमाण वाढलं तर तोही पेशींना बाधतो. म्हणून काही खळग्यांत अर्क न घालता तेवढाच डीएमएसओ घालावा लागतो. ज्या लेखात हे तुलनेचे खळगे नाहीत, तो तिथेच मिटवून ठेवला तरी चालेल.

आता दोन समांतर प्रयोग होतात. एका प्लेटमध्ये पेशी आणि अर्क, विषाणू नाही. दुसरीत पेशी, अर्क आणि विषाणू. दोन-तीन दिवसांनी दोन्ही मोजायच्या. पहिली सांगते की अर्क पेशींना किती मारतो. दुसरी सांगते की विषाणूची वाढ किती रोखतो. बातमी होते ती फक्त दुसऱ्या प्लेटची.

दोन आकडे आणि त्यांचं प्रमाण

अर्काच्या ज्या मात्रेला निम्म्या पेशी मरतात, ती सीसी-५०. ज्या मात्रेला विषाणूची वाढ निम्म्यावर येते, ती ईसी-५०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की येतो तो निवड-निर्देशांक. इतकीच परिभाषा पुरे.

उसाच्या फडात याचा अर्थ पटकन कळतो. योग्य मात्रेत २,४-डी मारलं तर रुंद पानाचं तण जातं आणि ऊस उभा राहतो. ग्लायफोसेट उसावर पडलं तर तणही जातं, ऊसही जातो. दोन्ही औषधांना "तण मारतं" हे वाक्य तंतोतंत लागू आहे. शेतकरी विचारतो ते पीक वाचलं का. निवड-निर्देशांक म्हणजे हाच प्रश्न आकड्यात मांडलेला.

समजा, अर्क 'अ' २० मायक्रोग्रॅमला विषाणू निम्मा करतो, पण ३० मायक्रोग्रॅमला पेशीही निम्म्या मारतो. निर्देशांक दीड. अर्क 'ब' ला विषाणू निम्मा करायला ४० मायक्रोग्रॅम लागतात, पण पेशी ८०० पर्यंत टिकतात. निर्देशांक वीस. बातमीत 'अ' जोरकस दिसेल, कारण तो कमी मात्रेत काम करतो. पुढे न्यायच्या लायकीचा आहे 'ब'. निर्देशांक दहाच्या वर असेल तर अर्काकडे गांभीर्याने पाहायचं, असा ढोबळ संकेत आहे. दहा म्हणजे औषध झालं असं मात्र नव्हे, पुढच्या पायरीवर चढायची परवानगी मिळाली इतकंच.

आता मथळ्यातला टक्का. "९९ टक्के विषाणू नष्ट" ऐकायला पूर्ण विजय वाटतो. दहा लाखांतले ९९ टक्के गेले तरी दहा हजार उरतात, आणि एका बाधित पेशीतून शेकडो नवे बाहेर पडतात. शिवाय टक्का कोणत्या मात्रेचा हे लिहिलेलं नसेल तर त्याला काही किंमत नाही. ५०० मायक्रोग्रॅमला तर साबणसुद्धा बाजी मारील.

गफलत नेमकी कुठे होते

सगळ्यात मोठी गफलत सोपी आहे. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते, तर पेशी मारल्या की विषाणू आपोआप कमी होणारच. निव्वळ विषारी अर्कसुद्धा दुसऱ्या प्लेटमध्ये उत्तम विषाणूरोधक दिसतो. पहिल्या प्लेटशिवाय दुसरी वाचायची नाही, ती यासाठी.

दुसरी गफलत रंगाची. जिवंत पेशी मोजायला एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळ्यात रूपांतर करते, चार तासांनी जांभळा रंग यंत्रावर मोजतात. पण वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट रसायनं हेच काम पेशींशिवाय करू शकतात. पेशी मेलेल्या आणि खळगा जांभळा! मग विषारी अर्क निर्धोक म्हणून छापून येतो. त्यावर उपाय दोन: रंग घालण्याआधी अर्क धुऊन काढायचा, आणि काही खळग्यांत पेशींविना नुसता अर्क व एमटीटी घालून पाहायचं. क्लोरोफिलचा हिरवा रंगही यंत्राला फसवतो.

तिसरी टॅनिनची. हिरडा, बाभूळ, डाळिंबाची साल, कात यांत टॅनिन भरपूर. तोंडात तुरट लागतं ते यामुळेच, लाळेतली प्रथिनं ते पकडतं. विषाणूच्या अंगावरची प्रथिनंही ते तसंच पकडून निकामी करतं. पण त्याला निवड नाही, समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. पोटात गेलं की अन्नातल्या प्रथिनांना चिकटून बसतं आणि रक्तात फारसं पोचतच नाही. रिठा, शिकेकाईतली सॅपोनिनं विषाणूचं तेलकट आवरण फोडतात, पण आपल्या पेशीचंही आवरण तेलकटच असतं. रक्तात गेली तर ती तांबड्या पेशी फोडतात. गुळण्यांसाठी किंवा हात धुण्यासाठी अशा गुणाचा विचार होऊ शकतो, गिळायच्या औषधासाठी तो जवळजवळ निरुपयोगी.

अर्क कधी घातला, यावरही सगळं अवलंबून आहे. विषाणू आणि अर्क आधी तासभर एकत्र ठेवून मग पेशींवर टाकले तर निकाल झकास येतो. माणसाला मात्र ताप आल्यावर औषध द्यायचं असतं, म्हणजे विषाणू पेशीत शिरून गेल्यावर. संसर्गानंतर अर्क घातलेल्या खळग्यांचा आकडा वेगळा दिला आहे का, ते पाहावं.

आणि ओळख. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली खोडं आणि साली एकसारख्या दिसतात. नमुना दाबून, वाळवून वनस्पतिसंग्रहात जमा केलेला नसेल, तर अर्क कोणत्या झाडाचा होता हे पुढे कुणालाच तपासता येत नाही.

बऱ्याच बातम्यांत तर प्लेटही नसते. झाडातलं रसायन विषाणूच्या प्रथिनात बसतं का, हे नुसतं संगणकावर जुळवून पाहिलेलं असतं. जिवंत विषाणू वाढवायला जैवसुरक्षेची खास प्रयोगशाळा लागते, ती प्रत्येक महाविद्यालयात कुठून असणार? संगणकावरचं काम वाईट नाही, हजार रसायनांतून पन्नास निवडायला ते उपयोगी पडतं. पण त्यात विषाणू नाही, पेशीही नाही.

प्लेटमधून रक्तात

समजा, निर्देशांक चांगला आहे आणि एका मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम एवढी मात्रा पुरते. ६५ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ४० लिटर पाणी असतं. त्या सगळ्यात ही मात्रा राखायची तर २ ग्रॅम अर्क लागेल. दहा टक्के उताऱ्याने ही झाली २० ग्रॅम पूड. ठीक वाटतं. पण हा हिशोब गिळलेला सगळा अर्क रक्तात पोचला आणि यकृताने त्याला हातही लावला नाही, असं धरून केला आहे. पाच टक्केच शोषला गेला तर एका वेळेची पूड ४०० ग्रॅम होते. आणि यकृत दर काही तासांनी सफाई करतं, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा.

हळदीचं घोडं इथेच अडतं. कर्क्युमिन प्लेटमध्ये कितीतरी विषाणूंवर चालतं, पण गिळल्यावर फारच थोडं रक्तात उतरतं. त्यावर मिरीची युक्ती आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तर रक्तातलं प्रमाण सुमारे वीस पट वाढलं. पिपरीन हे करतं कसं? यकृताची आणि आतड्याची सफाई मंदावून. त्यामुळे फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधांची पातळीही वाढू शकते. शिवाय शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. आमटीतल्या हळदीशी याचा संबंध नाही. जे शोषलं जात नव्हतं ते जबरदस्तीने रक्तात घातलं, की त्याचे गुण आणि अवगुण दोन्ही आत येतात.

कण्हेर आणि नरक्या

ओलिअँड्रिन पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतं. पंप थांबला की पेशीतला क्षारांचा तोल बिघडतो, प्रथिनं तयार होणं मंदावतं आणि विषाणूला नवे अवयव मिळत नाहीत. म्हणजे ते विषाणूला हात लावत नाही, आपल्या पेशीचा गळा आवळतं. हृदयाच्या पेशी याच पंपावर चालतात, तिथे तोल गेला की ठोके मंदावतात, चुकतात, थांबतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. उंदीर आणि घुशीच्या वर्गातल्या प्राण्यांचा हा पंप या जातीच्या रसायनांना माणसाच्या पंपापेक्षा कितीतरी पट कमी दाद देतो. उंदराला काही झालं नाही म्हणून कण्हेरीचा अर्क निर्धोक ठरवणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बियांतही याच जातीची विषं आहेत.

नरक्याची गोष्ट आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची. राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडीच्या जंगलात हे लहान झाड वाढतं, आणि त्याच्या तस्करीवरच्या कारवायांच्या बातम्या अधूनमधून येतात. चोरी होते ती त्यातल्या कॅम्प्टोथेसिनसाठी. हे रसायन वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं, १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही असल्याचं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. ते डीएनए उलगडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे डीएनए विषाणूंची वाढही प्लेटमध्ये थांबते. मग ते विषाणूवरचं औषध का झालं नाही? आपल्या वाढणाऱ्या पेशींनाही तोच विकर लागतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्करुग्णांवर त्याचा क्षार वापरून पाहिला, तेव्हा रक्तपेशी घटल्या आणि मूत्राशयातून रक्तस्राव झाला. क्षार करताना रेणूचं एक कडं उघडलं जात होतं, आम्लधर्मी लघवीत ते पुन्हा मिटून मूळ विष तयार होत होतं. चाचण्या थांबल्या. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत बदल केले, आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं अमेरिकेत मंजूर झाली. रुग्णालयात रक्त तपासत, ठरलेल्या मात्रेत देतात. साल उगाळून नव्हे.

विषारीपणा कसा मोजतात

पेशींच्या पुढची स्वस्त पायरी म्हणजे खाऱ्या पाण्यातले आर्टेमिया हे चिमुकले कोळंबीवर्गीय जीव. अंडी खाऱ्या पाण्यात घालून दोन दिवसांत पिल्लं निघतात, प्रत्येक नळीत दहा पिल्लं आणि अर्क, २४ तासांनी मेलेली मोजायची. निम्मी मारणारी मात्रा १,००० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर अर्क विषारी धरतात. महाविद्यालयाला परवडणारी चाळणी आहे ही, पण चाळणीच.

पुढे उंदीर-घुशी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर टप्प्याला तीन प्राणी घेऊन ठरावीक मात्रा देतात आणि १४ दिवस पाहतात. "किलोला २,००० मिलिग्रॅमपर्यंत एकही मृत्यू नाही" हे वाक्य तिथून येतं. घुशीची मात्रा माणसाला लावताना साधारण सहाने भागावी लागते, त्यामुळे ही झाली किलोला सव्वातीनशेच्या आसपास. आणि तीही एकदाच दिलेली. रोज घ्यायचं औषध असेल तर २८ आणि ९० दिवसांच्या चाचण्या, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासणीसह, वेगळ्या. बातमीतल्या बहुतेक अर्कांच्या त्या झालेल्या नसतात.

"लोक हजारो वर्षं घेतायत की"

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव झटकन होणारी विषबाधा नेमकी पकडतो. म्हणून तर बचनाग, कण्हेर, गुंज, धोत्रा, कुचला, कळलावी यांचा धाक पूर्वापार आहे आणि औषधे व प्रसाधने कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही त्यांची नावं आहेत. पण वीस वर्षांनी होणारी इजा अनुभवाला दिसत नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवायच्या गोळ्यांत चुकून ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती गेली, आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. याच वर्गातली सापसंद आपल्याकडेही औषधी म्हणून ओळखली जाते. तीन दिवसांच्या प्लेटमध्ये असं काही दिसणं शक्य नाही.

"शुद्धी केली की विष जातं ना?"

पुष्कळ अंशी जातं, आणि यामागचं रसायनही कळलेलं आहे. बचनागातलं ॲकोनिटिन दोनेक मिलिग्रॅमला जीव घेऊ शकतं. गोमूत्रात भिजवून किंवा दुधात उकळून त्याचा रेणू तुटतो आणि कितीतरी कमी विषारी तुकडे उरतात. परंतु तुकडे जाड राहिले, वेळ कमी पडला, तर आतला गाभा तसाच राहतो. चव घेऊन हे कळत नाही, यंत्रावर तपासावं लागतं. घरी करायचा हा उद्योग नाही.

"ॲलोपॅथीच्या गोळ्याही विषच की"

बरोबर. हृदयाचं डिगॉक्सिन हे डिजिटॅलिस या झाडाचंच, ओलिअँड्रिनच्या जातीचं. पण गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, रक्तातली पातळी मोजता येते, आणि किती पातळीला धोका सुरू होतो ते ठाऊक आहे. कण्हेरीच्या एका पानात किती विष आहे, ते झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलतं.

"पण आमच्या घरात गुण आला"

२०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची कावीळ पसरली होती. अशी कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते, त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. गर्भवतींना मात्र ती शेवटच्या महिन्यांत जीवघेणी ठरू शकते, आणि मुळीच्या भरवशावर गेलेले दिवस परत येत नाहीत.

हिपॅटायटिस बी वर भुईआवळ्याची रीतसर चाचणी झाली होती. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांनी निकाल छापला. २०० मिलिग्रॅम पूड दिवसातून तीनदा, ३० दिवस. घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, न घेणाऱ्या २३ पैकी एकाची. जगभर खळबळ उडाली. पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत तो परिणाम तसा दिसला नाही, आणि २०११ मधल्या एकत्रित आढाव्यातही भक्कम पुरावा निघाला नाही. ६० माणसांवरच्या एका चांगल्या निकालाचं हे असं होऊ शकतं, तर एका घराच्या अनुभवाचं काय?

पपईच्या पानांचं थोडं वेगळं. काही चाचण्यांत प्लेटलेट लवकर वाढलेल्या दिसल्या. त्याने डेंग्यूचे मृत्यू किंवा गंभीर रक्तस्राव टळतात, हे सिद्ध झालेलं नाही. जीव वाचतो तो वेळेवर योग्य प्रमाणात दिलेल्या पाण्या-सलाइनने.

करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत शिजला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची. दिसण्यात सारख्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. गल्लत बाजारात होते हे खरंच आहे. पण दुखणं बरंचसं स्वतःच्या प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्याच्या प्रकारचं होतं, आणि गुळवेल तर प्रतिकारशक्ती चेतवते म्हणूनच घेतली जाते. ज्यांना थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा यकृताचा असा आजार आधीपासून आहे त्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग हे संशोधन कशाला?

कारण झाडांतून औषधं खरोखर निघतात. कांदा-लसूण मसाल्यातलं चक्रीफूल घ्या. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून फ्लूचं ओसेल्टामिव्हिर बनवलं गेलं. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने चक्रीफुलाचा तुटवडा झाला, तेव्हा ते चघळून फ्लू टळतो असंही पसरलं. शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूला काही करत नाही, तो कच्चा माल आहे. आपल्या चक्रीफुलासारखं हुबेहूब दिसणारं जपानी चक्रीफूल तर विषारी आहे. २००३ मध्ये अमेरिकेत चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा द्यावा लागला, तो लहान बाळांना झटके आल्यामुळे.

ग्रीन टीच्या अर्काचं १५ टक्क्यांचं मलम विषाणूजन्य चामखिळींवर २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते कातडीवर लावायचं आहे, म्हणजे शोषणाचा प्रश्नच टळला. आपल्याकडेही २०१५ पासून शुद्ध आणि प्रमाणित वनस्पती-अर्काला औषध म्हणून मान्यता मिळवायचा वेगळा कायदेशीर मार्ग आहे. त्यात किमान चार घटक मोजून दाखवावे लागतात आणि माणसांवर चाचण्या कराव्या लागतात.

तोवर घरात कुणी कसलाही अर्क, चूर्ण किंवा काढा घेत असेल आणि लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगाला खाज असं दिसलं, तर तो त्याच दिवशी बंद करावा आणि बिलिरुबिन व एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासण्या कराव्यात. डॉक्टरांना झाडाचं नाव, किती, कशातून आणि किती दिवस हे सगळं सांगावं. "फक्त आयुर्वेदिक आहे" म्हणून लपवू नये. कण्हेर किंवा बिट्टी पोटात गेली असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करावा किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं. तिथे हृदयाचा आलेख आणि पोटॅशियम ताबडतोब पाहावं लागतं. जाताना झाडाची डहाळी किंवा उरलेली पूड पिशवीत घालून बरोबर घ्यावी.